जंगली प्राण्यांच्या जोड्या लावायचा खेळ: साडेतीन वर्षांच्या मुलासाठी कसा करायचा?

गोट्याची_आई (पुणे)

नमस्कार मंडळी,
लेक साडेतीन वर्षांचा आहे, प्लेग्रुपला जातो, आणि सध्या घरात वाघ, अस्वल, डरकाळ्या याशिवाय दुसरा विषय नाही. म्हणून म्हटलं जोड्या लावायचा खेळ करू या, तोच तो, पत्ते पालथे मांडायचे आणि दोन सारखे शोधायचे. नेटवर 'जंगलातले प्राणी' असं एक फुकट प्रिंटेबल मिळालं, कलर प्रिंट काढून आणली, कापत बसले आणि मग नीट बघितलं तर काय, रकून, स्कंक, मूस, बीव्हर, हेजहॉग आणि एक केशरी कोल्हा! वाघ नाहीच. हत्ती नाही. माकड पण नाही. पोरगं विचारतंय हा कुठे राहतो, मी काय सांगू, सिंहगडावर तर नक्कीच नाही.

दुसरं म्हणजे खेळ जमतच नाहीये. सगळे २४ पत्ते मांडले तर दोन डाव झाले की सगळे सुलटे करून त्यावरच बसतो. आणि आजीला जोडी मिळाली की भोकाड. सासूबाई म्हणतात लहान आहे अजून, नवरा म्हणतो हरायची सवय व्हायला पाहिजे, आणि दोघं मिळून माझ्याकडे बघतात.

तर प्रश्न असे की
- आपल्याकडचे कुठले प्राणी घेऊ?
- या वयाला किती जोड्या झेपतात?
- ते रडारडीचं काय करायचं?
- घरी करायचं तर कागद कुठला, लॅमिनेशन करावं का?

कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

---

पेठेतला_काका

बाजारात लाकडी पझल मिळतात. आणा आणि सुटा. आमच्या वेळी पत्त्यांचा कॅट होता, सत्तीला सत्ती लावायचो, झालं शिक्षण.

---

मचाणावरून (चंद्रपूर)

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही कारण आमच्याकडे हाच प्रकार उलट्या बाजूने आहे, ताडोबा इथून तासाभरावर, पोरांच्या कानावर रोज वाघाच्या बातम्या आणि शाळेतल्या तक्त्यावर मात्र जिराफ, झेब्रा, सिंह 'जंगली प्राणी' म्हणून. जिराफ-झेब्रा आफ्रिकेतल्या गवताळ माळांवरचे, आणि सिंह आपल्या देशात मोकळा फिरतो तो फक्त गुजरातेत गीरच्या बाजूला. लहान मुलांनी बघू नये असं काही नाही, पण पहिला सेट आपल्या रानातला असावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मग खेळाच्या बाहेर पण तो प्राणी भेटतो, कात्रजला, बोरिवलीला, बातमीत, आजोबांच्या गोष्टीत.

महाराष्ट्रातला पहिला सेट मी असा करीन: वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, चितळ, वानर, मोर, शेकरू. शेकरू, म्हणजे रानातली मोठी खार, तर घ्याच, आपला राज्यप्राणी आहे, आणि तुम्ही पुण्याच्या म्हणजे भीमाशंकर जवळच, तिथलं अभयारण्य १९८५ साली त्याच्यासाठीच केलं. तांबूस पाठ, फिकट पोट, झुपकेदार लांबलचक शेपूट, मुलांना चित्र बघूनच आवडतं. नंतर साळिंदर, खवल्या मांजर, तरस, रानडुक्कर, घोरपड, कोळसून (रानकुत्रा) असं वाढवत न्यायचं.

आता चित्रं निवडताना डोळे उघडे ठेवा. नेटवर बिबट्या म्हणून शोधलं की निम्मी वेळ दक्षिण अमेरिकेतला जॅग्वार गळ्यात मारतात. ओळखायची खूण सोपी आहे, दोघांच्या अंगावर ठिपक्यांची फुलं असतात पण जॅग्वारच्या फुलाच्या आत अजून बारीक ठिपके असतात, बिबट्याचं फूल आतून मोकळं. चित्त्याला फुलंच नाहीत, नुसते भरीव ठिपके, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. चित्ता १९५२ला भारतातून संपला असं जाहीर झालं होतं, २०२२ला नामिबियातून आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडले. तेव्हा बिबट्या आणि चित्ता एकाच सेटमध्ये साडेतीन वर्षांच्या पोराला देऊ नका, आमच्या ऑफिसातल्या लोकांना कळत नाही तर त्याला काय कळणार.

आणि तुमच्या त्या केशरी कोल्ह्याचं. ती थंड देशातली लाल खोकड आहे, शेपटीचं टोक पांढरं असतं बघा. आपल्या माळावरची खोकड लहानखुरी, राखाडी, आणि तिच्या शेपटीचं टोक काळं. आपल्या गोष्टीतला कोल्हा म्हणजे तिसराच प्राणी, लांडग्याचा धाकटा भाऊ वाटावा असा. तो केशरी पत्ता सरळ बाजूला ठेवा.

अजून एक. जोडी म्हणजे दोन सारखीच चित्रं असं कुठे आहे? थोडं मोठं झालं की 'कोण कोणाचा दोस्त' असा पत्ता करा. चितळ आणि वानर ही जोडी तर रानात खरोखरची आहे. वानर झाडावर बसून पाला खातं आणि निम्मा खाली टाकतं, चितळ खाली तो वेचून खातं. वरून वानराला वाघ आधी दिसतो, ते खॉक खॉक ओरडलं की चितळ कान टवकारतं. चितळाला वाघाचा वास आला तर ते ओरडतं आणि वानर सावध होतं. हे सांगितलं की पोरं खेळ सोडून ओरडायलाच लागतात, ते एक सहन करायची तयारी ठेवा.

अस्वल आणि वारूळ पण छान जोडी आहे. आपलं अस्वल वारूळ फोडून तोंडाने फुर्रर करून माती उडवतं आणि वाळवी शोषून घेतं.

---

निवृत्त_बाई (डहाणू)

मी बालवाडीत बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लिहिते. प्राणी कुठले ते वरच्या भाऊंनी सांगितलंच, मी खेळाचं सांगते.

बाई गं, २४ पत्ते फार झाले. आणि पालथे तर अजून नकोच. साडेतीनच्या मुलाला आधी सुलटे पत्ते द्यायचे, तीन किंवा चार जोड्या, सगळे डोळ्यासमोर. एक वाघ तू हातात धर, म्हण याचा जोडीदार कुठंय. त्याला शोधू दे. ते सहज यायला लागलं की मगच पालथे, आणि तेही परत तीन जोड्यांपासून. साधारण चार वर्षांचं मूल सहा जोड्यांपर्यंत जातं, पाचव्या वर्षी आठ-दहा, पण प्रत्येक मूल वेगळं, शेजारच्या पोराशी तुलना करू नकोस.

चित्राच्याही आधी वस्तू असते हे लोक विसरतात. आमच्याकडे क्रम असा असायचा: वस्तूला वस्तू, मग वस्तूला चित्र, मग चित्राला चित्र, मग चित्राला सावली, आणि मग अर्ध्याला अर्धं. घरात प्लास्टिकचा वाघ असेल ना, तो चित्रातल्या वाघावर नेऊन उभा करायचा, हा सुद्धा जोड्या लावण्याचाच खेळ. सावलीचे पत्ते तुला काळ्या कागदातून कापता येतील, पण त्यासाठी आकार वेगळे असणारे प्राणी घे, हत्ती, मोर, साळिंदर, साप. वाघ आणि बिबट्याची सावली एकमेकांसारखी, तिथे मूल चुकणारच आणि आपण उगाच ओरडणार.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. विकतची साधनं परवडणार नाहीत म्हणून पानं, बिया, खडे, शंख-शिंपले यांचीच साधनं केली. आम्ही त्याच वळणावर शिकलो. त्यामुळे पेठेतल्या काकांनी बाजारातून आणा म्हटलं तेव्हा मला हसू आलं. सागाचं पान सागाच्या पानावर, पिंपळाचं पिंपळावर, रानातल्या प्राण्यांबरोबर रानातली पानं पण घे की जोडीला. फक्त एक, लालकाळ्या गुंजा दिसायला गोड असतात पण विषारी असतात, त्या मुलांच्या हातात अजिबात नाही. आणि घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर चिंचोके, बाटलीची झाकणं असलं काही खाली ठेवायचं नाही, ते सरळ तोंडात जातं.

रडण्याचं. या वयात हरणं-जिंकणं काढूनच टाक. नवऱ्याला म्हणावं हरायची सवय करायला पुढे सगळी शाळा पडलीय. मिळालेल्या जोड्या ज्याच्या-त्याच्या ढिगात ठेवायच्याच नाहीत, एका थाळीत सगळ्यांच्या मिळून ठेवायच्या. आजीने काढली तरी थाळीतच, गोट्याने काढली तरी थाळीतच.

---

मचाणावरून (चंद्रपूर)

बाईंच्या थाळीला माझी भर. थाळीच्या जागी निळा कागद कापून पाणवठा करा! आमच्याकडे बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून येणारे प्राणी मोजतात, भर उन्हाळा असतो, पाणी कमी उरलेलं, पौर्णिमेचा उजेड, त्यामुळे जे येतं ते दिसतं. तोच खेळ. जोडी सापडली की दोघं पाणी प्यायला पाणवठ्यावर. शेवटी पोराने बोटं ठेवून मोजायचं आज कोण कोण आलं. मोजणी पण होते आणि कोणी हरत नाही. माझ्या भाच्याला तर वाघ आला की बाकीच्यांना हलवून मागे उभं करावं लागतं, चितळं वाघाबरोबर पाणी पिणार नाहीत म्हणे.

---

न्यूजर्सीची_सून

मी जरा वेगळ्या बाजूने बोलते हां. तो तुमचा फुकटातला सेट आमच्या अंगणातला आहे 😄 इथे रकून रात्री कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडतो, पुढचे पाय हातासारखे वापरतो, आणि स्कंकचा वास एकदा आला की दोन गल्ल्या कळतो. माझ्या मुलीसाठी रकून म्हणजे तुमच्याकडचं भटकं मांजर, आणि वाघ-अस्वल-शेकरू सगळं व्हिडिओ कॉलवरच्या आजीचं. मूस आमच्याही भागात नाही, तो अजून वर उत्तरेला. हेजहॉग तर अमेरिकेच्या रानात नाहीच, तो युरोपाकडचा, तो त्या सेटमध्ये कसा आला देव जाणे.

पण मी दोन्ही मिसळले. माझ्याकडे एक लांब पट्टी आहे, डावीकडे आमचं झाड म्हणजे मेपल, उजवीकडे आजीचं झाड म्हणजे वड. प्राण्याची जोडी सापडली की ती बरोबर झाडाखाली ठेवायची. रकून मेपलखाली, वानर वडाखाली. आजी साताऱ्यात बसून कॉलवर सांगते 'अगं हा माझ्याकडचा, इकडे पाठव', आणि मग वाद घालतात दोघी. आजीशी बोलायला काही विषयच नसायचा, नुसतं जेवलीस का आणि झोपलीस का, आता निदान साळिंदर कुठे झोपतं यावर बोलणं होतं. दिवसा बिळात असतं आणि रात्री बाहेर पडतं असं आजीने सांगितलं तर कन्या म्हणे मग मी पण रात्रीच जागणार. असो.

तर प्रिंट फेकू नका ताई. थोडा मोठा झाला की 'हे आपल्याकडे राहतात, हे लांब राहतात' अशी वाटणी करायला उपयोगी पडेल.

---

गोट्याची_आई (पुणे)

बापरे किती छान सांगितलंत सगळ्यांनी!! बाई, तुमचं वाचून नवऱ्याला वाचून दाखवलं, तो 'हं' एवढंच म्हणाला पण ऐकलं त्याने. काल वाघ, मोर, हत्ती तीनच जोड्या सुलट्या मांडल्या आणि पोरगं खरंच बसलं, मग स्वतःच म्हणाला अजून दे. पाणवठा पण केला, निळा कागद नव्हता तर निळी ओढणी घातली.

आता दोन शंका. 'कोण कुठे राहतं' असे पत्ते करायला घेतलेत, वाघ-गुहा, साप-वारूळ, ससा-बीळ, पक्षी-घरटं. चालेल ना? आणि कागदाचं कोणीच सांगितलं नाही. साध्या कागदावर काढलं तर मागून चित्र दिसतं, आणि आमच्या गोट्याने एका वाघाला वरणाचा हात लावलाय, आता पिवळा डाग बघून वाघ ओळखतो, चीटिंग चालू.

---

कीस_पाडणारा

सशाला बीळ लावू नका. चित्रांच्या पुस्तकातला बिळात राहणारा ससा युरोपातला. आपल्या माळावरचा ससा बीळ खणत नाही, गवतात अंगापुरती जागा दाबून बसतो आणि धोका आला की सुसाट सुटतो. ससा-गवत करा. सापाला वारूळ ठीक, पण ते वारूळ साप बांधत नाही, वाळवी बांधते, साप आयत्या बिळात नागोबा. शेकरूला घरटं लावा, झाडाच्या शेंड्याकडे काटक्या-पानांचा गोळा करतं आणि एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. मुलांना पक्ष्याशिवाय कोणी घरटं बांधतं याची गंमत वाटते. वाघाला गुहाच पाहिजे असंही नाही, दाट झाडी किंवा ओढा दाखवला तरी बरोबर, उन्हाळ्यात वाघ पाण्यात बसून राहतो.

अजून एक कीस: हरणांची चित्रं घेताना शिंगं बघा. चितळ-सांबरात शिंगं फक्त नराला, आणि ती दरवर्षी गळून नवी येतात. गव्यात नर-मादी दोघांना शिंगं, ती गळत नाहीत. बिनशिंगाचं चितळ आणि शिंगवालं चितळ ही 'आई-बाबा' जोडी म्हणून झकास होते.

---

पेठेतला_काका

सशाला पण सोडलं नाहीत. धन्य आहे. (पण हे मला माहीत नव्हतं.)

---

झेरॉक्सवाला_दादा (कोल्हापूर)

कागदाचं मी सांगतो, आमचा धंदाच हाय तो. साधा झेरॉक्सचा कागद ७५ जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, आकडा मोठा तेवढा कागद जाड), त्यातून मागचं दिसणारच. २५०-३०० जीएसएमचा कार्ड पेपर मागा, कुठल्याही प्रिंटवाल्याकडं मिळतो. नाहीतर साध्या कागदावर प्रिंट काढून जुन्या लग्नपत्रिकेवर डकवा, लग्नसराई झाली की प्रत्येक घरात ढीग असतो की, फेकायला जीव होत नाही आणि ठेवायला जागा नाही. पण सगळ्या पत्त्यांची पाठ एकच पाहिजे बरं का, एकाच्या मागं गणपती आणि दुसऱ्याच्या मागं 'आमच्या येथे' असलं की पोरगं दुसऱ्या दिवशी पाठ करतंय. मागं एका रंगाचा घोटीव कागद लावा.

माप साडेसहा सेंटीमीटरचा चौकोन धरा. ए-फोर वर आडवे तीन, उभे चार, म्हणजे बरोबर बारा बसतात, सहा जोड्या एका पानात, कागद वाया जात नाही. लहान हाताला धरायला पण बरं.

लॅमिनेशन करायचं असेल तर आधी कापा मग पाऊचमध्ये अंतर ठेवून मांडा, आणि कापताना सगळीकडनं थोडी प्लास्टिकची कड राहू द्या. सगळं पान लॅमिनेट करून मग मधनं कापलं की कडा उघड्या पडतात, पाणी शिरतं आणि पोरं सोलत बसतात. टोकं गोल करा, ती लॅमिनेशनची टोकं चाकूगत लागतात. चकचकीत पाऊच नको, मॅट मागा, नाहीतर ट्यूबचा उजेड पडून चित्रच दिसत नाही. वरणाचा डाग मग पुसून जातोय.

---

गोट्याची_आई (पुणे)

दादा लाख लाख धन्यवाद, लग्नपत्रिकांचा गठ्ठा सासूबाईंनी कपाटातून स्वतः काढून दिला, म्हणजे खेळाला मान्यता मिळाली समजायचं. सशाचं बीळ खोडून गवत केलं. मचाणवाले दादा, ठशांचे पत्ते पण करता येतील का? वाघाचा पंजा दाखवला की वाघ लावायचा असं काहीतरी. त्याला मातीत ठसे उठवायचं वेड लागलंय.

---

मचाणावरून (चंद्रपूर)

येतील ना, पण चारच घ्या आणि एकमेकांपासून लांबचे. वाघ: मोठी गादी, वर चार बोटं, नखं नाहीत, कारण चालताना नखं आत ओढलेली असतात. कुत्रा: चार बोटं आणि पुढे नखांचे टिंब. चितळ: खुराचे दोन भाग. मोर: पुढे तीन बोटं, मागे एक. पाचवं घ्यायचंच तर अस्वल, पाच बोटं आणि लांब नखं. कुत्रा जंगली नाही हे खरं, पण नखांचा फरक दाखवायला तोच बरा, घराखाली भेटतो, ओल्या मातीत ठसा लगेच बघायला मिळतो. तरस आणि लांडगा यात आणू नका, त्यांच्या ठशांवरून मोठी माणसं भांडतात.

पाच वर्षांचा झाला की एक अवघड डाव देतो करून. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे, त्यावरूनच कॅमेऱ्यात आलेले वाघ ओळखतात. तीन वेगळ्या वाघांचे प्रत्येकी दोन फोटो घ्यायचे आणि कोणता कोणाचा ते लावायचं. फक्त दोन्ही फोटो एकाच कुशीचे हवेत, डावी तर डावीच, कारण एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या बाजूचे पट्टे सारखे नसतात. माझ्याकडे फोटो आहेत, पाठवतो. मोठ्यांनी पण खेळून बघा, काकांनी विशेषतः.

---

पेठेतला_काका

पाठवा. बघू.